तुम्ही विचारलंत म्हणून: ती इतका वेळ शांत कशी बसते?

गुडघे पोटाशी घेऊन गॅलरीत बसलेली माझी लेक पाहिली, की घरी येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "इतका वेळ एका जागी बसायला शिकवलंत तरी कसं?"

आम्ही शिकवलं नाही. ती सात वर्षांची असताना कुंडीतल्या जास्वंदीत लालबुड्या बुलबुलांच्या जोडीने घरटं केलं. बारीक काड्यांची वाटी, कोळ्याच्या जाळ्याने आवळलेली. त्यात रोज एक अशी तीन अंडी आली. फिकट गुलाबी, वर तांबूस शिंतोडे. घरट्यात कुणी नसलं की मी लेकीला क्षणभर उचलून दाखवायचे.

पण तिला राहवेना. धावत जायची आणि बुलबुल भुर्रकन उडून जायचा. मी रागावले नाही, अंडी गार पडतील एवढंच सांगितलं. मग तिने आपणहून शोधायला घेतलं, पक्षी नेमका कधी उडतो. कुंडीपासून तिसऱ्या फरशीवर पाय पडला की उडतो. चौथीवर मान ताठ करून बघतो. पाचवीवर बसलं तर त्याला काही वाटत नाही. तिथे तिने खडूने रेघ मारली. ती रेघ आजोबांनाही लागू होती. कपडे आम्ही घरात वाळत घालू लागलो.

उबवण्याचे ते जवळजवळ दोन आठवडे बघण्यासारखं काही घडत नाही. मुलांना कंटाळा येतो, आणि तो येऊ द्यावा असं मला ठाम वाटतं. त्या कंटाळ्यातच तिला दिसलं, की पक्षी मधूनच उठतो आणि चोच खाली घालून अंडी फिरवतो.

पिल्लं निघाली ती उघडीबोडकी, डोळे मिटलेली. एक अंडं फुटलंच नाही. "त्याचं काय?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी तिला जवळ घेतलं.

एके दिवशी ती धावत आली. "आई, ते पिल्लांची शी गिळतात!" मी रेघेमागे बसून पाहिलं, खरंच होतं. भरवून झालं की आईबाप जरा थांबतात, पिल्लू मागे वळतं आणि पातळ आवरणातली पांढरी पिशवी बाहेर येते. पिल्लं लहान असताना ती गिळतात, पुढे चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. घरटं स्वच्छ राहतं. हे मला माझ्या लेकीने दाखवलं.

बाराव्या दिवशी दोन्ही पिल्लं बाहेर पडली. एक जास्वंदीतच वरच्या फांदीवर गेलं. दुसरं, तोकड्या शेपटीचं, फरशीवर बसून राहिलं. लेकीचा हात पुढे झाला. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते असं म्हणतात, ते खरं नाही, आणि खोटी भीती घालून मला तिला थांबवायचं नव्हतं. म्हटलं, "आईबाप कठड्यावरून ओरडताहेत बघ. ते खाली येऊन भरवतील." ते आलेही. मांजर येऊ नये म्हणून ती दुपारभर रेघेमागे राखण करत बसली. संध्याकाळी पिल्लू फडफडत कठड्यावर चढलं आणि तिथून समोरच्या झाडात गेलं.

पुढच्या वर्षी त्याच जास्वंदीत पुन्हा काड्या दिसल्या. कुणाला काही न विचारता तिने खडू आणला. या वेळी रेघ एक फरशी आणखी मागे होती.