अंगारकीला मांडलेली ४८ पानं

दुपारी साडेतीनला पहिला मेसेज आला : "आज अंगारकी आहे, मला जेवता येणार नाही. तरी आले तर चालेल का?" चारपर्यंत असे सहा झाले. सव्वासहाला पुण्यात बालेवाडीतल्या हॉलमध्ये आयटीत काम करणाऱ्या बायकांनी एकमेकींशी ओळखी वाढवाव्यात म्हणून आम्ही चौघी भरवतो ते डिनर होतं. टेबलं ८, प्रत्येकी ६ खुर्च्या, ४८ पानं. मंगळवार आम्ही विचार करून निवडला होता, कारण सोमवारी मीटिंगांचा ढीग असतो आणि शुक्रवारी निम्म्या जणी गावी निघतात. तारीख ठरवताना अमेरिकन क्लायंटच्या सुट्ट्यासुद्धा तपासल्या. कालनिर्णय मात्र एकीनंही उलटून पाहिलं नव्हतं.

नुसता उपास असता तर फराळाचं ठेवून भागलं असतं. पण संकष्टी चंद्रोदयानंतर सुटते, त्या दिवशी चंद्रोदय साडेनऊनंतर होता आणि आमचा कार्यक्रम सव्वानऊला संपणार होता. दर महिन्याला न करणाऱ्याही अंगारकी धरतात. नैवेद्य, आरती घरी व्हायची, म्हणजे काहींना साडेआठलाच निघणं भाग. अशा वेळी "जेवायचं नाही तर कशाला जायचं" म्हणून गळणाऱ्या बहुतेक दहा-बारा वर्षं काम केलेल्या, घर सांभाळणाऱ्या असतात. ओळखी वाढवायला ज्यांना दुसरा वेळच मिळत नाही, त्याच त्या. म्हणून रद्द करायचं नाही असं ठरलं.

सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला : 'उपास नाही', 'उपास आहे, फराळाचं खाईन' की 'उपास आहे, डबा घरी नेईन'? पाऊण तासात ४६ उत्तरं आली. ३१ जणींना उपास नव्हता, ११ जणी फराळाचं खाणार होत्या, ४ जणींना डबा हवा होता.

हॉलच्या शेफनं लगेच साबुदाण्याची खिचडी सुचवली. ती नको म्हणालो. साबुदाणा चार-पाच तास भिजायला हवा. साडेचारला गरम पाण्यात घालून घाई केली की बाहेरून चिकट, आतून कच्चा, आणि कढईत गोळा. वरीला भिजवणं लागत नाही. ११ जणींना ७०० ग्रॅम वरी घेतली. तुपात जिरं, हिरवी मिरची, मग धुऊन निथळलेली वरी परतायची, वरीच्या तिप्पट उकळतं पाणी घालायचं, मंद आचेवर झाकण ठेवून पंधरा मिनिटं. सोबत दाण्याची आमटी : भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट, आमसुलं, गूळ. शिवाय बटाट्याची भाजी आणि दही. पदार्थांपेक्षा अटी समजावण्यात जास्त वेळ गेला. हळद, हिंग, मोहरी नाही. मीठ सैंधव. भज्यांच्या कढईतलं तेल नाही, तूपच. भांडी, डाव, झारा वेगळे. कोथिंबीर चालते की नाही हे घराघरावर अवलंबून, म्हणून ती वर न भुरभुरता वाटीत बाजूला. फराळाचा काउंटर मुख्य काउंटरपासून हॉलच्या दुसऱ्या टोकाला लावला, म्हणजे पनीरचा डाव चुकूनही आमटीत जाणार नाही.

डब्यांतही हॉलचं नेहमीचं जेवण चाललं नसतं, कारण उपास सोडताना पुष्कळ घरांत कांदा-लसूण नसतो. साधं वरण, भात, कांद्याशिवाय भाजी, असे ४ डबे भरून घेतले. मोदक आणायला माणूस पाठवला तेव्हा उकडीचे केव्हाच संपले होते. माव्याचे मिळाले.

उपास असलेल्या पंधराही जणींना फराळाजवळच्या दोन-तीन टेबलांवर बसवा, वाढायला सोपं पडेल, असं हॉलच्या मॅनेजरांचं म्हणणं होतं. ते ऐकलं असतं तर उपासाची वेगळी पंगत झाली असती आणि डिनर तिथेच संपलं असतं. त्यांना आठही टेबलांवर वाटून बसवलं. पाच फुटी गोल टेबलाला हॉलवाले आठ-दहा खुर्च्या लावू बघतात. आम्ही सहाच्या वर जात नाही. आठ झाल्या की समोरचीचं ऐकू येत नाही, दोन टोळ्या पडतात आणि मधली एखादी दोन्हींतून सुटते. एका कंपनीतल्या दोघी एका टेबलावर नकोत. बिल्ल्यावर पद नको, काम हवं. 'सीनियर असोसिएट' वाचून कुणी काही विचारू शकत नाही. 'पेमेंट गेटवेचं टेस्टिंग' वाचलं की पहिला प्रश्न आपोआप निघतो. प्रत्येकीपुढे एक कार्ड असतं, एका बाजूला 'हवंय', दुसऱ्या बाजूला 'देऊ शकते'. त्या दिवशी एका कार्डावर होतं : 'हवंय : चार वर्षांच्या गॅपनंतरचा सीव्ही कुणीतरी वाचावा.' त्याच टेबलावर दुसरीचं होतं : 'देऊ शकते : महिन्याला दोन मॉक इंटरव्ह्यू.' अशी जोडी जमावी म्हणूनच कार्डं आधी गोळा करून मग टेबलं लावायची. दारात आल्यावर लावत बसलं तर ओळखीच्याच शेजारी बसतात.

एरवी सातला भाषण, पावणेआठला जेवण असा क्रम असतो. तो उलटा केला. सातलाच वाढलं आणि भाषण पंचवीस मिनिटांवरून बारावर आणून आठनंतर ठेवलं. निघणाऱ्यांचं भाषण चुकलं तर स्लाइड पाठवता येतात, टेबलावरची ओळख पाठवता येत नाही. भाषणासाठी हॉलनं कॉलर माइक दिला होता. तो शर्ट आणि पट्टा गृहीत धरून केलेला असतो. कुर्त्याला पट्टा नाही, बहुधा खिसाही नाही. ट्रान्समीटरचा डबा मागे गळ्याला अडकवला की गळा मागे ओढला जातो, ओढणी घासून खरखर येते आणि मंगळसूत्राचा मणी माइकवर आपटला की प्रत्येक वाक्यात टिक-टिक. आम्ही हातातले दोन कॉर्डलेस माइक आणि चार जादा सेल बरोबर नेतो, ते कामी आले.

स्पॉन्सर कंपनीनं नावं न कळवता भरतीखात्यातले चार पुरुष पाठवले, स्टँडीसकट (कंपनीच्या जाहिरातीचे उभे फलक). पुरुषांच्या बाबतीत, २००५मध्ये लंडनला सॅरा ब्लो यांनी तंत्रज्ञानातल्या बायकांसाठी सुरू केलेल्या गर्ल गीक डिनर्सचा नियम आम्ही पाळतो : पुरुष यायचा तो एखाद्या बाईचा पाहुणा म्हणून, आणि एकीमागे एकच. हिशोब सरळ आहे, पुरुष कधीच निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत आणि प्रत्येकाची जबाबदारी कुणावर तरी असते. दोघांना त्यांच्याच कंपनीतल्या दोघींनी पाहुणे म्हणून घेतलं, ते शेवटपर्यंत नीट बसले. उरलेल्या दोघांना स्टँडीसह परत जावं लागलं. स्पॉन्सरला हे आवडलं नाही. तरीही नियम बरोबर आहे, कारण नोकरी बदलण्याबद्दल मोकळं बोलणारी बाई समोर भरतीवाला आला की गप्प होते.

बाजूची छोटी खोली कॉलसाठी ठेवलेली असते. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळी वेळेनुसार आपले साडेआठ. त्या सुमाराला तिघी आत जाऊन वीस मिनिटांत परत आल्या. खोली नसती तर त्या घरी गेल्या असत्या.

सव्वाआठला पाऊस सुरू झाला आणि ॲपवरच्या गाड्या रद्द व्हायला लागल्या. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत वाहन लागतं. आमचं डिनर म्हणजे काही कुणाची ड्यूटी नाही, पण तीच वेळ आम्ही हद्द मानतो आणि गाड्या आधीच ठरवतो. १२ सीटांचे तीन ट्रॅव्हलर होते : वाकड-पिंपळे सौदागर, कोथरूड-वारजे, खराडी-वाघोली. पहिली गाडी अंगारकीवाल्यांसाठी साडेआठलाच सोडली. डबे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, झाकणावर नावं लिहून. रात्रपाळीच्या कॅबचा जुना नियम इथेही लागतो : शेवटी उतरणारी बाई एकटी नको.

खराडीची गाडी नऊ वीसला सुटली. वाघोलीच्या शेवटच्या दोघी एकाच सोसायटीत उतरणार होत्या. दहा चाळीसला त्यांचा "पोचलो" आला. मग हॉलचं बिल चुकतं केलं.