फुकट दिलं म्हणजे विकायला दिलं नाही

आज डोकं जाम फिरलंय. मी पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचं स्केच काढून ग्रुपवर टाकलं होतं ना, हाय रिझोल्यूशनमध्ये, ज्याला हवं त्याने प्रिंट काढून घरी लावा म्हणून, तेच आज लक्ष्मी रोडजवळ एका दुकानात मगवर छापलेलं दिसलं, किंमत २५० रुपये. आधी वाटलं दुसऱ्या कोणाचं असेल, वाडा काय कोणीही काढतं, पण सुरूच्या झाडाच्या आकाराचे ते लाकडी खांब, त्यातल्या डावीकडच्या एकावर शाईचा थेंब पडला होता त्याचं मी कबुतर केलं होतं, ते कबुतर जसंच्या तसं मगवर! आणि खाली कोपऱ्यातली माझी सही तेवढी कापलेली. राग त्याचाच आला खरं तर, पैशांचा नाही.

दुकानदार म्हणाला, मॅडम नेटवर फ्री होतं. अहो, फ्री बघायला, घरी लावायला! चित्र काढलं की कॉपीराइट चित्रकाराचाच असतो, १९५७ चा कायदा आहे, रजिस्ट्रेशनचीही सक्ती नाही. एका शाळेच्या बाईंनी मुलांना रंगवायला हेच चित्र मागितलं होतं, मी आनंदाने दिलं, उद्याही देईन. पण विचारायला काय जातं हो? एक मेसेज टाकला असता तर बहुतेक हो म्हटलं असतं मी.

मगचा फोटो काढलाय, मूळ कागद घरी आहेच. उद्या दुकानदाराला लेखी देणार आहे, की विक्री बंद करा नाहीतर नाव टाका आणि पैशांचं बोला. तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? काय केलंत ते सांगा प्लीज.