भाचा आला होता आज

सकाळीच येळ्ळूरहून भाचा आला. मोबाईल पुढं केला, तो लढायचा त्या एमएमएवाल्यांचा (कुस्ती, बॉक्सिंग सगळं मिसळलेल्या लढती) दोन ओळींचा ईमेल: करार संपला. सलग दोन लढती हरला, एवढंच कारण. वय 22!

लाइटवेट वजनगटाच्या 70.3 किलोत बसायला हे पोर शेवटचे दोन दिवस घोटभर पाण्यावर काढायचं. ओठ फुटलेले असायचे. मी बघितलंय. जून 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, जिंकली, पहिली भारतीय महिला, तेव्हा पहाटे फोन करून ओरडला होता, "मामा, आपलं पण होतंय!"

आज ताटातली भाकरी तशीच राहिली. "आईला कसं सांगू?" मला उत्तर सुचेना. संध्याकाळी दोघं तालमीत गेलो. चप्पल काढून त्यानं तांबडी माती कपाळाला लावली, आणि मग बारक्या पोरांना पट काढायचा डाव शिकवत बसला, अंधार पडेपर्यंत.