टॉवेलवरचं स्पॅनिश

"तो गठ्ठा नको ताई, एनच्या डोक्यावर अळी आहे ना, तो घ्या," पॅकिंगवाल्या मावशी माझ्या भाचीला म्हणाल्या.

सोलापूरची अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना. लेबल बघून भाची ओरडलीच, "मामा, हे तर स्पॅनिश!" आणि साइज, सुती, धुण्याच्या सूचना, सगळं घडाघडा वाचत सुटली. ती अळी (ñ) म्हणजे जुन्या लेखनिकांनी जागा वाचवायला एनवर चढवलेला दुसरा एन, हेही तिनंच सांगितलं.

मावशींना त्याचं काय! घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड. स्पॅनिश नुसत्या नजरेनं ओळखतात, हात थांबत नाही.

भाची क्लासची फी भरते, मोबाइलवर मालिका बघते. पण 20 देशांची ही राजभाषा आपल्याच गावात खोक्यांवर चिकटते, हे तिला क्लासमध्ये कोण सांगणार?

तुमच्याकडच्या मालावर कुठली भाषा असते हो?