लेकीच्या चेहऱ्याचा डेटम

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी अठरा वर्षं क्वालिटीला आहे. कास्टिंग आलं की आधी डेटम, म्हणजे जिथून सगळी मापं घ्यायची तो आधार, ठरवायचा, मग मोजायचं. डेटम चुकला तर हाइट गेज कितीही भारी असो, आकडा खोटाच. ही अक्कल लेकीच्या दातांसाठी वापरावी लागेल असं काही वाटलं नव्हतं.

लेक बारा वर्षांची. वरचे दात खालच्यांपेक्षा ९ मिलिमीटर पुढं. सासूबाई खानापूरहून आल्या की म्हणायच्या, "आमच्यात सगळ्यांचेच असे. काय अडलंय काय?" शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हा टिळकवाडीत ऑर्थोडॉन्टिस्ट मॅडमकडं नेलं. "वरचे दात मागं ओढले की झालं ना?" मी विचारलं. मॅडम घरी कन्नड बोलणाऱ्या, पण मराठी एकदम आपली. "वरचे पुढं आहेत, का खालचा जबडाच मागं आहे, ते आधी बघू की." चिठ्ठीवर लिहिलं : ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, आणि लॅटरल सेफ.

सेफ म्हणजे सेफॅलोग्राम, डोक्याचा बाजूनं काढलेला मापाचा एक्स-रे. दोन्ही कानांत दांड्या, डोकं हलायचं नाही, ट्यूबपासून डोक्याच्या मध्यापर्यंत अंतर ठरलेलं, ५ फूट. आमच्या भाषेत फिक्स्चर. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दोघांनी ते वेगवेगळं मांडलं.

तर पहिला एक्स-रे रिजेक्ट झाला. सेंटरवरच्या पोऱ्यानं "दात दाखव" म्हटलं आणि हिनं शहाण्यासारखा खालचा जबडा पुढं काढला. शिवाय कानातल्या दांड्यांच्या दोन खुणा एकमेकींवर बसायला हव्यात, त्या लांब लांब. मॅडम म्हणाल्या, यावर मोजलं तर हिचा जबडा चांगलाच निघेल. पैसे परत मिळाले नाहीत. दुसरीकडं पुन्हा काढला. या वेळी मागचे दात दाबून आणि मी दाराशी उभा.

हल्ली संगणकावर बिंदू टिपले की सगळे कोन आपोआप येतात. मॅडमनी मात्र माझी खुमखुमी बघून लाइट बॉक्सवर फिल्म लावली, वर दुधी ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि टोकदार पेन्सिलनं लेकीचा चेहरा उतरवला. कवटीच्या तळाशी खोगिरासारखा एक खळगा असतो, त्याचा मध्य 'एस'. कपाळ आणि नाकाची हाडं जुळतात तिथं 'एन'. वरच्या जबड्याच्या खोलगटीत 'ए', खालच्याच्या 'बी'. एस-एन ही रेघ म्हणजे डेटम. कारण कवटीचा तो भाग लवकर स्थिरावतो, जबडे वाढत राहतात. कानाच्या भोकाच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची दुसरी रेघ फ्रँकफर्टची. ती १८८० च्या दशकात त्या गावच्या परिषदेत ठरली.

सेफ मोजायच्या स्टायनरच्या पद्धतीत एस-एन रेघेशी वरच्या जबड्याचा कोन साधारण ८२ अंश, खालच्याचा ८०, फरक २. हिचा वरचा ८१, खालचा ७५. म्हणजे वरचा बिचारा जागेवरच होता! मी म्हणतोय तसं वरचे मागं ओढले असते तर चांगल्या पार्टला घासून खराब पार्टला जुळवल्यासारखं झालं असतं.

माझी शंका : एन-च पुढंमागं असला तर? मॅडम खूश झाल्या. त्यासाठीच १९७५ साली जेकबसननं विट्‌स पद्धत दिली. चावण्याच्या रेघेवर ए आणि बी-तून लंब टाकायचे आणि मधलं अंतर मोजायचं. तेही जादाच निघालं, ५ मिलिमीटर. दोन डेटमनी एकच दोष दाखवला.

डावी-उजवी बाजूही थोडी वेगळी दिसली तेव्हा मी दचकलो. "तंतोतंत सारखी कुणाचीच नसते," मॅडम म्हणाल्या. रात्री बायकोनं, ती शिक्षिका आहे, आणखी एक सांगितलं : इरावती कर्व्यांनी बर्लिनमध्ये कवट्यांच्या याच वाकडेपणावर संशोधन केलं होतं, आणि त्यात वंशावरून फरक काही सापडला नव्हता, गुरूची अटकळ वेगळी असूनही. मोजणारा असा हवा.

त्याच फिल्मवर मानेचे मणके दिसत होते. त्यांच्या खालच्या कडांना खोलगटपणा येऊ लागला होता, म्हणजे वाढीचा जोर आता सुरू होणार. ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढं धरून ठेवणारं तोंडातलं उपकरण, लगेच बसवला. पहिले पंधरा दिवस जेवताना रडारड. भाकरी दुधात कुस्करून.

दहा महिन्यांनी दुसरा सेफ. मॅडमनी नवा कागद जुन्यावर ठेवला, एस-वर एस, रेघेवर रेघ. जुनी हनुवटी काळी, नवी लाल आणि पुढं. फरक ६ वरून ४ वर आला होता. मी कोनमापक हातात घेऊन पुन्हा तपासत होतो, तोवर लेक वाकून म्हणाली, "पप्पा, नाकपण वाढलंय की!"