ठिपका काढू नये

गेल्या महिन्यात पृथ्वीचा एक फोटो मोठा करून घ्यायला लॅबमध्ये दिला. बारा बाय अठरा, मॅट. नासाच्या व्हॉयेजर १ यानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी काढलेला तो प्रसिद्ध फोटो: काळोख, त्यात फिकट तिरके पट्टे, आणि एका पट्ट्यात अडकलेला एक कण. दुसऱ्या दिवशी प्रिंट घरी आणून ट्यूबलाइटखाली धरला. काळोख होता, पट्टे होते, पृथ्वी गायब.

परत गेलो. काउंटरवरचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "काका, डस्ट होता ना तो, मी क्लीन करून दिला. एक्स्ट्रा पैसे नाही लावले."

मला रागावताही येईना. हेच काम मी अकरा वर्षं केलंय.

गिरगावात आमच्या आप्पांचा स्टुडिओ होता. शाळेतून आलो की दप्तर टाकून स्पॉटिंगला बसायचं. निगेटिव्हवर धूळ बसली की तिथून उजेड जात नाही आणि प्रिंटवर तेवढाच पांढरा ठिपका उमटतो. बारीक ब्रशला जिभेने टोक काढायचं, करड्या रंगात बुडवायचं, आणि ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळेपर्यंत टोचत राहायचं. घासायचं नाही, टोचायचं. आप्पा म्हणायचे, गिऱ्हाइकाला त्याची बायको दिसली पाहिजे, आपली धूळ नाही. एकदा मी एका नवरीच्या नाकातली चमकी धूळ समजून बुजवली. सासूबाई अल्बम घेऊन तरातरा जिना चढून आल्या होत्या. चमकी त्यांनी दिलेली होती.

आप्पांच्या हिशेबाने व्हॉयेजरचा हा फोटो म्हणजे वाया गेलेली फ्रेम. उन्हाकडे तोंड करून फोटो काढायचा नाही हा त्यांचा पहिला धडा, आणि इथे नेमकं तेच केलंय. सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून मागे वळून बघितलं तर पृथ्वी सूर्याला अगदी चिकटलेली दिसते. ते पट्टे म्हणजे कॅमेऱ्याच्या आत विखुरलेलं ऊन. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी हा फोटो काढा म्हणून जवळजवळ दहा वर्षं पाठपुरावा केला. नको म्हणणारेही चुकीचे नव्हते. विज्ञानाच्या हाती यातून फारसं लागणार नव्हतं आणि सूर्याने कॅमेरा खराब व्हायची भीती होती. शेवटी कॅमेरे कायमचे बंद करायची वेळ आली तेव्हा कुठे होकार मिळाला. सूर्यमालेच्या एकूण ६० फ्रेम घेतल्या. पृथ्वीची ही फ्रेम झाल्यावर ३४ मिनिटांनी कॅमेरे बंद. त्या फ्रेममध्ये पृथ्वी एका पिक्सेलच्या जेमतेम आठव्या भागाएवढी आहे. पोराने ती धूळ समजली यात त्याचं काय चुकलं?

स्टुडिओत आप्पांनी १९७२ सालचा अपोलो १७ या चांद्रमोहिमेतला फोटो कॅलेंडरमधून कापून लावला होता, अख्खा निळा गोळा. आफ्रिका, अरबस्तान, खाली बर्फ, आणि नीट बघितलं तर वरच्या कडेला तमिळनाडूवर आलेलं चक्रीवादळसुद्धा. (मूळ फ्रेममध्ये दक्षिण वर होती, नंतर फिरवून छापला. आप्पांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, बघ, त्यांनाही निगेटिव्ह उलटं लागतं.) तो फोटो देखणा, गिऱ्हाईक पैसे देईल असा. त्यात माणूस आपला देश शोधतो. व्हॉयेजरच्या फोटोत कोणीतरी "हे बघ, इथे" म्हणावं लागतं, आणि म्हटल्यावरही डोळा पुन्हा चुकतो. मला म्हणूनच तो जास्त धरून ठेवतो.

कॅलिफोर्नियात जेपीएलच्या, म्हणजे व्हॉयेजर चालवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेच्या, सभागृहात या फ्रेमा जोडून भिंतीवर लावल्या होत्या. पृथ्वीची फ्रेम तेवढी पुन्हा पुन्हा बदलावी लागायची, कारण येणारा-जाणारा त्या ठिपक्यावर बोट ठेवून जायचा.

लॅबमधल्या पोराला मी हे सगळं सांगितलं नाही. मागे तिघे पासपोर्ट फोटोसाठी खोळंबले होते. एवढंच म्हणालो, "अरे, तो ठिपका म्हणजे आपण." त्याने मूळ फाइल उघडली, मोठी केली, अजून मोठी केली. पडद्यावर दोन-तीन फिकट चौकोन उरले.

"सगळे यात?"

"सगळे."

त्याने मागच्या केबिनकडे मान वळवली. "शेठ पण?"

"शेठ पण."

दुसरा प्रिंट त्याने फुकट काढून दिला. पाकिटात घालण्याआधी उजेडात तिरका धरला, ठिपका सापडेपर्यंत सोडला नाही. मग पहिल्या ऑर्डरच्या पाकिटावरची 'क्लीन' ही खूण खोडली आणि खाली लाल पेनाने लिहिलं: ठिपका काढू नये.