आईचं ‘हं’

रात्रीचे पावणेदोन. झोप नाहीये, हेडफोन अजून गळ्यातच आहे.

दिवसभर लॉरी अँडरसन या अमेरिकन कलावतीचं ‘ओ सुपरमॅन’ लावून बसले होते. १९८१चं, आठ मिनिटांच्या वर आहे, आणि गाणं तरी कसं म्हणू, बाई जवळजवळ बोलतेच आहे, खाली तिचाच ‘हा हा हा हा’ लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत राहील असा पकडलेला, तो श्वासच ठेका धरून ठेवतो. न्यूयॉर्कमध्ये आधी हजारच रेकॉर्ड काढल्या होत्या, मग ब्रिटनच्या चार्टवर दोन नंबरला गेलं. १९८०मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायला गेलेली अमेरिकन मोहीम वाळवंटात फसली, माणसं गेली, त्यातून हे आलंय. पण गाण्यात थोड्याच वेळात काय येतं, तर आन्सरिंग मशीनवर आईचा मेसेज! घरी येणारेस का, विचारते. मला दर वेळी तिथेच भरून येतं.

या लॉरीनेच १९७७मध्ये व्हायोलिनच्या गजाला केसांऐवजी रेकॉर्ड केलेली टेप लावली होती आणि तारांखालच्या ब्रिजवर ती टेप वाजवणारं हेड. गज एकीकडे ओढला की शब्द सरळ, दुसरीकडे ओढला की उलटा. किती साधं आणि किती वेडं सुचलंय!

तर माझं. वाडा विकला त्यावरची कविता तीन महिने अडकली होती, खाली तबल्याचं सँपल टाकलं, सिंथचे इलेक्ट्रॉनिक सूर टाकले, पाऊस टाकला, काहीच बसेना. आज सगळं काढून टाकलं. रविवारी आईला सांगून कॉल रेकॉर्ड केला होता, त्यातलं तिचं ‘हं’ कापलं, आपण बोलत असताना मधे मधे म्हणते ना ती तसलं, अर्ध्या सेकंदाचं, आणि तेच लूप केलं. माइक ऑन करून वाचायला लागले तर आपोआप सावकाश वाचलं गेलं, ओळ संपली की थांबले, कारण कुणीतरी ऐकतंय असं वाटत होतं. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ करतात ते मी इतकी वर्षं नुसती साथ समजत होते. ते ऐकणं आहे, मोठ्याने केलेलं! लहानपणी गोष्ट सांगतानाही आजी म्हणायची, हुंकार दे नाहीतर मी थांबते.

माजघराच्या ओळीला आवाज कापलाय माझा, तो तसाच ठेवतेय. पंख्याची घरघर मात्र आलीये मागे. उद्या पंखा बंद करून शेवटचं कडवं परत वाचेन, मग आईला पाठवते.